कॉर्टिसोल जास्त झालं की चरबीतली सूज वाढते की कमी होते?

आधी कमी होते, पण कॉर्टिसोल महिनोन्‌महिने जास्त राहिलं तर त्याच चरबीत सूज धुमसायला लागू शकते. कॉर्टिसोल स्वतः सूज दाबणारं हार्मोन आहे, म्हणून तर स्टेरॉइड देतात, पण ते पोटाच्या आतली चरबी वाढवतं, तिथल्या पेशी फुगतात, काही मरतात, मग मेलेल्या पेशी साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ अशी सूज वाढवणारी रसायनं सोडतात, त्यानं इन्सुलिनचं काम बिघडतं. लठ्ठ माणसांच्या चरबीत मॅक्रोफेज साचतात हे २००३ मध्येच दिसलंय. मी नाशिकला लॅबमध्ये आहे, कॉर्टिसोलसाठी सकाळी ८ च्या सुमाराला रक्त घेतो. चेहरा गोल, पोट पुढं आणि हातपाय मात्र काडीसारखे असे पेशंट पाहिलेत, त्यातले बरेच गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या स्टेरॉइडच्या पुड्या वर्षभर खाणारे, फार वाईट वाटतं. फक्त एक, हे कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसोल फार काळ जास्त राहण्याचा आजार) किंवा लांबलेल्या स्टेरॉइडबद्दल आहे, ऑफिसच्या रोजच्या टेन्शनला जसंच्या तसं लावू नका. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनानं एकदम बंद करू नका प्लीज, जिवावर बेतू शकतं.