जपानी मेंदूज्वराची लस दिल्यावर मुलाला मेंदूज्वर होऊच शकत नाही का?

होऊ शकतो. ही लस फक्त जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर चालते, आणि मेंदूला सूज आणणारे विषाणू बरेच आहेत. आपल्याकडचंच उदाहरण म्हणजे चांदीपुरा. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला म्हणून हे नाव. त्यावर अजून लस नाही. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याची मोठी साथ आली, बळी मुख्यतः 15 वर्षांखालची मुलं.

दोन्हींचा बंदोबस्तही वेगळा. जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स डास धानाच्या बांधीत वाढतो आणि अंधार पडला की चावतो. चांदीपुरा पसरवते ती वाळूमाशी. ती डासाहून कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. ती साचलेल्या पाण्यात नव्हे, तर मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठा, ओलसर कचरा इथे वाढते. त्यामुळे नुसती डबकी बुजवून भागत नाही (बहुतेक ठिकाणी तेवढंच होतं):

- भेगा लिंपा, गोठ्यातलं शेण-कचरा घरापासून लांब टाका
- बारीक जाळीची मच्छरदाणी, मुलांना अंगभर कपडे
- सरकारी लसीकरणात असेल तिथे जपानी मेंदूज्वराची लस द्याच; 9 महिने पूर्ण झाल्यावर एक, 16 ते 24 महिन्यांत दुसरी

एक मात्र खरं, ताप आणि झटके म्हणजे मेंदूज्वरच असं नाही, मेंदूचा मलेरियाही तसाच दिसतो. पण ते तपासणीत कळेल. तापात झटके आले, मूल गुंगीत गेलं, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. चांदीपुऱ्यात एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं.