वापरलेलं ओकचं पिंप उसाच्या शिरक्यासाठी वाफेनं कसं साफ करायचं? कुकरची वाफ चालेल का?

प्रश्न: आमचं केजकडं गुऱ्हाळ आहे. उसाच्या रसाचा शिरका (व्हिनेगर) करून विकतो, आतापर्यंत प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवत होतो. आता 50 लिटरचं वापरलेलं ओकचं पिंप आणलंय. आधी त्यात वाईन होती म्हणतात. आतून आंबट वास येतो आणि उन्हाळाभर पडून राहिल्यानं दोन-तीन ठिकाणी फळ्यांमधून उजेड दिसतो. वाफ दिली की साफ होतं असं ऐकलं. किती वेळ द्यायची? घरचा कुकर चालेल का, की मशीन घ्यावं? आणि आधी ब्लिचिंग पावडरनं धुऊन घेऊ का?

उत्तर:

आधी ब्लिचिंगचं बोलतो, कारण ते केलंत तर पुढचं सगळं वाचायची गरज उरणार नाही. लाकडाला क्लोरीन लावायचं नाही. ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टाकतो ते टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडरच, असो, नाहीतर बाथरूम धुवायचं द्रावण असो, पिंपात गेलं की लाकडातल्या फिनॉल जातीच्या पदार्थांशी त्याची रासायनिक क्रिया होते, आणि त्यावर बुरशीनं काम केलं की ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं रसायन तयार होतं. कोंदट, ओल्या पोत्यासारखा वास येतो. त्याची इतकी थोडी मात्रा नाकाला कळते की अख्खं पिंप वाया जातं, आणि तो वास मग ना वाफेनं जातो ना सोड्यानं. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, म्हणून तेही उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा.

मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर बरेच हंगाम काढले, मग नाशिककडं एका वायनरीत मेंटेनन्सला होतो. पिंपांना वाफ देण्याचं काम तिथं माझ्याकडं होतं. संभाजीनगरला बियरचे एवढे कारखाने आहेत, पण तिथला माल स्टीलच्या टाक्यांत असतो. लाकडाशी गाठ पडली ती नाशिकलाच. तिथं नवीन पोरं हमखास एक समजूत घेऊन यायची, की वाफ म्हणजे जोराचं धुणं. तुमच्या प्रश्नातही तीच दिसते. वाफ मळ काढत नाही, ती लाकडात उष्णता पोचवते. मळ पाण्यानं आधी काढायचा, फळ्या पाण्यानं आधी फुगवायच्या, आणि वाफ शेवटी.

उष्णता का पोचवायची? ओकची फळी साधारण इंचभर जाड असते आणि द्रव तिच्यात आतवर मुरतो. वाईनवाल्यांची डोकेदुखी असलेलं ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट तर फळीत आठ मिलिमीटर खोलपर्यंत सापडलेलं आहे. वरून कितीही घासलंत तरी ब्रश तिथं जात नाही. लाकूड उष्णतेचं वहन फार सावकाश करतं, त्यामुळं एक झपका देऊन काही होत नाही. आतला थर 60 अंशांच्या वर जाऊन काही वेळ तिथं राहायला हवा. तुम्हाला शिरका ठेवायचाय, म्हणजे तुमचे शत्रू वेगळे: बुरशी, शिरक्यावर पांढरी साय धरणारी यीस्टं, आणि न तापवलेल्या शिरक्यात कधीकधी वळवळताना दिसणारे एक-दोन मिलिमीटरचे सूतासारखे कृमी. ते कृमी माणसाला काही करत नाहीत, पण गिऱ्हाईक एकदा बाटली उजेडात धरून बघेल आणि परत येणार नाही. ही सगळी मंडळी उष्णतेला लवकर मरतात.

आता तुमच्या आंबट वासाबद्दल. वाईन ठेवायची असती तर तो दोष होता, सोड्यानं मारावा लागला असता. तुम्ही त्यात शिरकाच घालणार आहात, तर त्या वासाचं तुम्हाला काही देणंघेणं नाही. नाक लावून दुसरंच तपासा. कुबट, ओल्या तळघरासारखा वास येतो का? मोबाईलच्या टॉर्चनं आत बघितल्यावर हिरवे-काळे केसाळ डाग दिसतात का? तसं असेल तर त्यात खाण्याची वस्तू ठेवू नका, मधून कापून दोन कुंड्या करा. रॉकेल, रंग, औषधाचा वास असेल तरी तेच. आणखी एक: हॉटेलात शोभेला ठेवायची पिंपं बाजारात येतात, ती आतून मेण किंवा वॉर्निश लावलेली असू शकतात. नखानं खरवडून बघा. मेण असेल तर वाफ दिल्यावर सगळं वितळून खाली येईल.

टॉर्च म्हणालो ते मुद्दाम. वाईनऐवजी त्यात कधी व्हिस्की-ब्रँडी असेल, तर आत अल्कोहोलची वाफ साठलेली असते. काडी पेटवून आत डोकावायचं नाही. पिंप एकदा पाण्यानं काठोकाठ भरून रिकामं केल्याशिवाय गॅसजवळ नेऊच नका.

उजेड दिसतोय म्हणजे फळ्या सुकून आकसल्यात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की हे होणारच. आधी लोखंडी पट्ट्या ठोकून घ्या. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणारा लोहार अजून तुमच्या भागात असेल तर त्याला बोलवा, हात त्याचाच लागतो. फक्त त्याला सांगून ठेवा की इथं पट्टी तापवायची नाही. पिंप मधे फुगीर असतं, म्हणून पट्टी टोकाकडून पोटाकडं ठोकत नेली की ती आपोआप आवळते. छिन्नीचं बोथट टोक ठेवून गोल फिरत थोडं थोडं ठोकायचं, एकाच जागी दणके घालायचे नाहीत.

मग पाच-सहा लिटर कढत पाणी आत घाला, बूच लावा, चांगलं हिंदकळा, आणि पिंप एका झाकणावर उभं करून वरच्या झाकणावरही थोडं पाणी ओता. अर्ध्या तासानं उलटं करा. हिंदकळल्यावर बूच काढताना तोंड बाजूला ठेवा, आत दाब झालेला असतो. नंतर साध्या पाण्यानं भरून ठेवा. पहिले काही तास सगळीकडून ठिबकेल, घाबरायचं नाही. पाणी रोज बदला. दोन दिवसांत गळती थांबली नाही तर फळीच चिरलेली आहे असं समजा. ओकचं एक बरं असतं, पांढऱ्या ओकच्या नळ्या झाडातच टायलोसिस नावाच्या वाढीनं बुजलेल्या असतात, म्हणून ते द्रव धरतं. लाल ओकमध्ये तसं नसतं, ते कितीही फुगवलं तरी पाझरत राहतं.

पाणी कुठलं घ्यायचं? बोअरचं नको. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं, कुकरमध्ये क्षार धरतो, आणि त्यात लोह असेल तर ओकच्या टॅनिनशी मिळून लाकडावर निळे-काळे डाग पडतात. जुन्या काळी शाई अशीच करायचे. जारचं पाणी वापरा.

आता कुकर. माझं उत्तर, तुमच्या 50 लिटरच्या पिंपाला चालतो. कारण सांगतो. एवढ्या पिंपाचं लाकूड 15 किलोच्या आसपास धरा. एक किलो लाकूड एक अंश तापवायला सुमारे 2 किलोज्यूल लागतात, म्हणजे 25 वरून 85 अंशांवर न्यायला 1800. एक किलो वाफ पाणी होताना 2257 किलोज्यूल सोडते. हिशोबानं किलोभर वाफसुद्धा लागत नाही, इकडंतिकडं वाया जाणारी धरून दीड किलो, म्हणजे दीड लिटर पाणी. घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरवर तासाला साधारण दोन लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे पाऊण तास. वाफेआधी कढत पाण्यानं एकदा खळखळून घेतलंत तर अर्ध्या तासातही होतं. हेच काम 50 लिटर कढत पाणी भरून करायचं म्हटलं तर तेवढं सगळं पाणी तापवून ओतून द्यावं लागतं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलेल्या लातूरकरांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मांडणी अशी करा. पिंप दोन विटांवर आडवं, बुचाचं भोक बरोबर खाली. कुकर पाच लिटरचा, पाणी निम्म्यापेक्षा जास्त नाही. शिट्टी काढून तिच्या नळीवर खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारी सिलिकॉनची नळी घट्ट बसवायची आणि दुसरं टोक भोकातून वर पोटापर्यंत न्यायचं. बागेचा हिरवा पाइप वापरू नका, तो मऊ पडतो आणि त्याचा वास लाकडात जातो. भोकात नळीच्या आजूबाजूला मोकळी जागा राहिलीच पाहिजे. तिथूनच थंड झालेलं पाणी खाली गळतं आणि जादा वाफ बाहेर पडते. चिंधी कोंबून ती जागा बंद केली की तुम्ही बिनपरवान्याचा बॉयलर चालवताय. नळीला पीळ पडला तरी तोच प्रकार, म्हणून कुकर सोडून जायचं नाही आणि पाणी आटू द्यायचं नाही.

खाली गळणारं पाणी आधी काळपट चहासारखं येईल, मग फिकट होत जाईल. घड्याळापेक्षा हाताकडं लक्ष ठेवा: पिंपाची बाहेरची बाजू आणि दोन्ही झाकणं सगळीकडं सारखी कोमट-गरम लागायला लागली की उष्णता फळीच्या पार आली. तिथून पुढं दहा मिनिटं, आणि गॅस बंद. यापेक्षा जास्त वेळ देऊन काही मिळत नाही, उलट ओकचा जो व्हॅनिलासारखा वास आणि तुरटपणा शिरक्यात उतरावा म्हणून तुम्ही पैसे मोजलेत, तोच धुऊन जातो.

हातमोजे आणि पायात बूट. ही नेहमीची सूचना म्हणून सोडून देऊ नका. उकळतं पाणी अंगावर पडलं तर किलोमागं साठेक किलोकॅलरी देतं, वाफ त्याआधी 540 देऊन मोकळी होते. शिवाय नळीच्या तोंडाजवळची वाफ दिसत नाही, पांढरं दिसतं ते पुढं गेल्यावर.

आणि लोकांची पिंपं सगळ्यात जास्त इथं बिघडतात: वाफ संपली की लगेच बूच ठोकायचं नाही. एक लिटर पाण्याची जवळजवळ 1670 लिटर वाफ होते. ती आतल्या आत गार होऊन परत पाणी झाली की पोकळी होते आणि बाहेरची हवा झाकण आत रेटते. तुमच्या पिंपाचं झाकण 35 सेंटीमीटर व्यासाचं धरलं आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा फक्त पाव हिश्श्यानं कमी झाला, तरी झाकणावर अडीचशे किलोंचा भार येतो. खोबणीतून सरकलेलं झाकण परत बसवायला पिंप बांधणारा कारागीर लागतो, तो मराठवाड्यात तुम्हाला कुठं मिळणार? दहा-पंधरा मिनिटं भोक उघडं राहू द्या, मग पिंप सरळ करून बूच नुसतं ठेवा. थोड्या वेळानं उचलताना हलकासा 'फुस्स' आवाज आला तर आनंदच, सगळे सांधे हवाबंद झालेत.

गार झालं की त्याच दिवशी शिरका भरा. फक्त साठवायचा असेल तर काठोकाठ. हवेची जागा राहिली तर उरलंसुरलं अल्कोहोल संपल्यावर शिरका करणारे जिवाणूच त्यातलं ॲसेटिक ॲसिड खायला लागतात आणि आंबटपणा उतरतो. विकताय म्हणून लक्षात ठेवा, ब्रूड व्हिनेगर, म्हणजे आंबवून केलेला शिरका, म्हणून विकायचं तर नियमानं किमान 3.75 टक्के ॲसेटिक ॲसिड लागतं. पिंपातच रसाचा शिरका करणार असाल तर मात्र उलट: दोन तृतीयांश भरा आणि बुचाऐवजी मलमल बांधा, त्या जिवाणूंना हवा पाहिजेच.

शिरका तयार नसेल आणि पिंप थांबवून ठेवायचं असेल, तर रिकामं ठेवू नका, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत उजेड दिसेल. 50 लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि 100 ग्रॅम केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, मिसळून भरून ठेवा. सरबताचे स्क्वॅश करणाऱ्या बचत गटांकडं केएमएस असतंच. मिसळताना उघड्यावर उभं राहा, दम्याच्या माणसाला ते काम देऊ नका. वापरायच्या आधी दोन-तीन वेळा धुवा, कारण तोच गंधकाचा वायू तुमच्या शिरक्याच्या जिवाणूंनाही मारतो.

तोटी पितळेची असेल तर बदला. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवत नाहीत हे घरातल्या कुणालाही विचारा. लाकडी तोटी सगळ्यात चांगली. आणि बाहेरच्या पट्ट्यांवर शिरका सांडला की लगेच पुसा, नाहीतर गंज चढतो.

मशीनचं म्हणाल तर एका पिंपासाठी नको. कपड्यांचे स्टीमर दोनेक किलोवॅटचे, ते कुकरपेक्षा फार काही जास्त देत नाहीत. पुढं दहा-बारा मोठी, 225 लिटरची पिंपं झाली तर गोष्ट वेगळी, तिथं तासाला 25-30 किलो वाफ देणारं यंत्र लागतं. ते घेताना 25 लिटरच्या वरचं आणि दाबाचं भांडं आहे का हे विकणाऱ्याला विचारा. तसं असेल तर बॉयलरचा कायदा लागू होतो, 1923 चा जाऊन आता 2025 चा आलाय, आणि मग नोंदणी आणि लायसनवाला अटेंडंट दोन्ही आलं.