घोरण्यापेक्षा मधली शांतता लक्ष देऊन ऐका

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, लग्नाला १४ वर्षं झाली. माझे मिस्टर आधीपासूनच थोडे घोरायचे पण गेल्या दोन-तीन वर्षांत वजन वाढलं आणि आता आवाज एवढा असतो की माझा रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, हलवलं की कूस बदलतात, पाच मिनिटं शांत आणि परत सुरू. मधेच आवाज एकदम बंद होतो, मला वाटतं चला आता झोपू, तेवढ्यात गुदमरल्यासारखे दचकतात आणि परत घोरणं चालू. सकाळी सांगितलं की म्हणतात मी कुठे घोरतो, तू उगाच वाढवून सांगतेस, की लागलं भांडण. दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात, चिडचिड पण खूप वाढलीये. महिन्याभरापासून मी मुलीच्या खोलीत झोपते तर ते दुखावलेत. माझं चुकतंय का?

उत्तर : नाही ताई, तुमचं चुकत नाहीये, झोप तुम्हालाही हवीच. पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आवाज मधेच बंद होतो ही. घोरण्याचा त्रास होतो म्हणून सगळे घोरण्याबद्दल बोलतात, मला मात्र त्या शांततेची जास्त काळजी वाटते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते आणि त्यातून हवा जाताना टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरते, तो आवाज म्हणजे घोरणं. उताणं झोपलं की जीभ मागे पडते म्हणून जास्त, वजन वाढलं की गळ्याभोवतीची चरबी आतली वाट दाबते, नाक चोंदलेलं असेल किंवा नाकातला पडदा वाकडा असेल, रात्री दारू घेतली असेल, झोपेची गोळी घेतली असेल तर अजून भर. इथपर्यंत फक्त आवाज. पण काही जणांची ती वाट पूर्णच मिटते, छाती-पोट जोर लावत असतं पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मग मेंदू क्षणभर जाग आणून श्वास सुरू करतो. तुम्ही ऐकता ते दचकणं हेच. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की ती एक वेळ मोजतात, कमी झालेला श्वासही यात धरतात, आणि असं तासाला ३० पेक्षा जास्त वेळा होत असेल तर आजार तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, रात्रभर!

आणि ही जाग इतकी छोटी असते की सकाळी काहीच आठवत नाही. म्हणून "मी कुठे घोरतो" असं ते म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच माहीत नाही. चिडचिड, डुलक्या, सकाळचं डोकं दुखणं, रात्री लघवीला उठणं, जवळ येण्याची इच्छा कमी होणं (यावर पुरुष बोलतच नाहीत आणि बायकोला वाटतं आपल्यातच काही कमी आहे), हे सगळं यातून येऊ शकतं. उपचार नाही केले तर ब्लड प्रेशर वाढतं, कधी कधी गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि स्ट्रोक यांचा धोका वाढतो. आणि कृपा करून तपासणी होईपर्यंत त्यांना लांबचं ड्रायव्हिंग करू देऊ नका, स्टिअरिंगवर डुलकी लागायला एक क्षण पुरतो.

आता करायचं काय, तर दोन-तीन रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग करा. ते भांडणात पुरावा म्हणून दाखवू नका, चारचौघांत तर नकोच, निवांत वेळी शेजारी बसून ऐकवा आणि सांगा की मला तुमचा श्वास थांबल्याची भीती वाटते. ही भीती तुमच्या पत्रात दिसते, त्यांच्यापर्यंत मात्र फक्त तक्रार पोचलीये. मग डॉक्टरकडे सोबत जा, कारण रात्री काय होतं ते तुम्हीच सांगू शकता. स्लीप स्टडी करतात, बऱ्याचदा घरीच होते, नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा क्लिप.

अ‍ॅप्निया निघाला तर सीपॅप मशीन आहे, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी ते पहिल्यांदा मांडलं, मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. सुरुवातीचे काही आठवडे नकोसं वाटतं आणि इथेच बरेच जण सोडून देतात, तसं करू नका, मास्कचा साईज बदलून बघा. सौम्य असेल तर डेंटिस्टकडून जबडा पुढे ठेवणारं उपकरण, कुशीवर झोपणं, वजन कमी करणं यानेही फरक पडतो. नाकावरच्या पट्ट्यांनी नाक मोकळं होईल, अ‍ॅप्निया जाणार नाही.

वेगळ्या खोलीबद्दल माझं अजिबात वावडं नाही, पण तपासणीआधी नको, कारण तुम्ही बाहेर गेलात की तो थांबलेला श्वास ऐकणारं कुणीच उरत नाही.

प्रश्न : मी ५१ वर्षांची आहे, पाळी गेल्यापासून घोरायला लागलेय. लाजेने कुणाकडे मुक्कामाला जात नाही. बायका पण घोरतात का?

उत्तर : घोरतात, आणि पाळी गेल्यावर हॉर्मोन्स कमी झाल्याने घसा जास्त सैल पडतो त्यामुळे प्रमाण वाढतंच. यात लाजण्यासारखं काहीही नाही. मला वाईट याचं वाटतं की बायका घोरण्याचं सांगत नाहीत, थकवा, झोप न येणं, डोकं दुखणं एवढंच सांगतात आणि मग त्यांचा अ‍ॅप्निया निसटून जातो. तुम्ही डॉक्टरांना घोरण्याचं स्वतःहून सांगा, आणि थायरॉइडची रक्त तपासणी झाली नसेल तर ती पण करून घ्या, थायरॉइड कमी असलं तरी घोरणं वाढतं.