महादेवाची भांग, गोसाव्याची चिलीम

प्रश्न : आमचं मंडळ महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या वाटेवर थंडाई वाटतं. औंदा पोरं म्हणतात, थोडी भांग घालू, काशीत तर परवान्याचं दुकानच असतं. चालेल का? (हिंगोली)

उत्तर : नको. पोरांचं निम्मं खरं आहे. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, म्हणून पानांची भांग त्या कायद्यातून निसटते आणि राज्याच्या हातात येते. उत्तर प्रदेश परवाने देतं. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. त्यात भांग मादक द्रव्यात मोडते आणि परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा ठरतो. काशीचा परवाना औंढ्यात चालत नाही. बदाम, बडीशेप, मिरी घाला. महादेव रागावत नाही. आणि धोतऱ्याचं फळ पिंडीवरच राहू द्या. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही, पण ते भांगेपेक्षा घातक विष आहे.

प्रश्न : वडिलांनी कापसात गांजाची तीन झाडं ठेवलीत. माहूरला जाणारे गोसावी आमच्याकडं मुक्कामाला असतात, त्यांच्या चिलमीपुरती. विकत नाही. धर्माचं काम म्हणून सूट मिळते का? (नांदेड जिल्हा)

उत्तर : नाही. वडिलांना बहुधा एक किलोचं ऐकून माहीत असावं. बाळगलेला गांजा तेवढ्यापर्यंत असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंतच आहे. पण ही सवलत लागवडीला नाही. झाडं तीन असोत की तीनशे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्यानं लावली असतील तरी जमीनधारकानं कळवायचं असतं. जाणूनबुजून गप्प बसणं हाही गुन्हा.

राहिला धर्म. घटनेचं २५वं कलम श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. शिवाय प्रथा त्या धर्माचा गाभा आहे का, हे न्यायालय बघतं. आनंदमार्गींचं तांडवनृत्य २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याच कसोटीवर अडलं : पंथ १९५५चा, तांडव आलं १९६६ साली. मला ही कसोटी पटत नाही, न्यायाधीशानं धर्माचा गाभा का ठरवावा? पण तुमचा खटला माझ्या मतावर चालणार नाही. आजच ओळखीच्या वकिलाला घेऊन ठाण्यात जा. गोसाव्यांना भाकरी-पिठलं द्या.

प्रश्न : अमेरिकेत मूळनिवासींच्या विधीत पेयोटीला, म्हणजे नशा आणणाऱ्या निवडुंगाला, सूट आहे, मग आपल्याकडं का नाही? (विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तिथंही न्यायालयानं १९९० साली नकारच दिला होता. मूळनिवासींच्या विधींपुरती सूट संसदेनं १९९४ साली कायदा बदलून दिली. तुमचा प्रश्नही संसदेकडं न्या.

प्रश्न : दुबईतल्या लेकाला दिवाळीचे अनारसे पाठवू का? (लातूर)

उत्तर : खसखस लावून नको, ताई. ती अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडं किराण्यात मिळते, तिकडं तिच्यावर बंदी आहे. तिळावर थापा.