कोस्टा रिकाने आपली आरोग्यव्यवस्था कशी सुधारली?

एखाद्या लहान आणि फारशा श्रीमंत नसलेल्या देशाला राष्ट्रीय आरोग्यव्यवस्था खरोखर सुधारता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हे आहे.

तिथे 1941 मध्ये 'काहा' ही सामाजिक विमा संस्था स्थापन झाली. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीवर ती चालते. 1970 च्या दशकात सरकारी रुग्णालये तिच्याकडे आली, परंतु गावोगावचे प्रतिबंधक काम बव्हंशी आरोग्य मंत्रालयाकडेच राहिले. पुढे कर्जसंकटात काटकसरीची कुऱ्हाड या कामावर पडली आणि 1991 मध्ये देशात गोवराची साथ उसळली.

त्यानंतर मंत्रालयाकडील प्राथमिक सेवा कर्मचाऱ्यांसह काहाकडे सोपवण्यात आली आणि मंत्रालयाने धोरण व देखरेख एवढेच काम स्वतःकडे ठेवले. एका खात्याने आपली माणसे दुसऱ्याच्या हवाली करणे किती अवघड असते, हे सरकारी कारभार जवळून पाहिलेल्यांना सांगायला नको. 1994 मध्ये सत्ता विरोधी पक्षाकडे गेली, तरी नव्या सरकारने योजना गुंडाळली नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते.

साधारण चार-पाच हजार लोकवस्तीमागे एक 'एबाइस' पथक नेमले गेले. त्यात डॉक्टर आणि परिचारिकेबरोबर घरभेटी देणारा एक आरोग्य कार्यकर्ताही असतो. आपल्या आशाताईंसारखेच त्याचे काम, पण तो काहाचा पगारी कर्मचारी. लसींची शीतपेटी घेऊन तो घरोघरी जातो, रक्तदाब मोजतो, डासांसाठी साचलेले पाणी तपासतो आणि कुटुंबाची नोंद अद्ययावत करतो. जोखीम पाहून घरांची तीन गटांत विभागणी केलेली असते. सर्वाधिक जोखमीच्या घरी तो वर्षातून अनेकदा जातो, तर धडधाकट कुटुंबाकडे एकदाच. पथके नेमताना राजधानीआधी गरीब, दुर्गम भागांना प्राधान्य दिले गेले, आणि संपूर्ण देश व्यापायला दहा वर्षांच्या आसपास काळ लागला.

आज तिथले सरासरी आयुर्मान 80 वर्षांच्या आसपास आहे. दरडोई कितीतरी पट अधिक खर्च करणाऱ्या अमेरिकेच्या तुलनेत ते मुळीच कमी नाही. मात्र शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञ डॉक्टरांसाठीच्या प्रतीक्षायाद्या फार लांब आहेत, आणि सरकारकडून काहाला येणे असलेली मोठी रक्कम वर्षानुवर्षे थकलेली आहे.