आधी रकाने आख

पोरी,

बायबलाबद्दल रविवारी चर्चमधले पाळक एक सांगतात, मोबाइलवरचा नास्तिक भलतंच सांगतो, आणि यातलं खरं कोणतं ते मी सांगावं म्हणतेस. तुझी तगमग कळते. पण एवढ्या लांबलचक पत्रात मूळ उताऱ्यात काय लिहिलंय ते कुठेच नाही. दोघांची मतं तुला तोंडपाठ, मजकूर मात्र नाही. माझं एकच म्हणणं आहे आणि तू कंटाळलीस तरी तेच म्हणणार: आधी लिहिलंय काय ते बघ. खरं-खोटं कुठे पळून जात नाही.

मोठी वही आडवी धर. येशूची हकिकत सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांचे चार रकाने आख: मत्तय, मार्क, लूक, योहान. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग घे, छोटा आहे. मत्तय 3:13-17 (आधी अध्याय, मग वचनं), मार्क 1:9-11, लूक 3:21-22, योहान 1:29-34. हाताने उतरव, झेरॉक्स नको. सारखी वाक्यं एका ओळीत आली पाहिजेत, एखाद्याकडे नसेल तिथे जागा कोरी सोड. पहिल्या तिघांत आहे ते लाल, दोघांत आहे ते निळं, एकट्याकडे आहे ते हिरवं.

आता बघ. मार्क आणि लूकमध्ये आकाशवाणी येशूशीच बोलते, 'तू माझा पुत्र'. मत्तयात ती 'हा माझा पुत्र' म्हणते, म्हणजे ऐकणारे बदलले. बाप्तिस्मा देणारा योहान (हा चौथ्या रकान्यातला नव्हे) 'मीच तुमच्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा' म्हणून अडवतो, ते फक्त मत्तयात. लूकने तर 3:20 लाच योहानाला तुरुंगात घातलंय आणि पुढच्या वचनात बाप्तिस्मा कोणी दिला ते सांगितलेलंच नाही. चौथ्या, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानात आत्मा कबुतरासारखा उतरल्याची साक्ष आहे, पण बाप्तिस्म्याचं वर्णन नाही.

इथेच दोन्हीकडचे घाई करतात. एक जण चौघांचं कालवण करून एकच कथा वाढतो. दुसरा 'बघा, विसंगती!' म्हणत वही मिटतो. वाचलं कोणीच नाही. अभ्यासक विचारतो, ते संभाषण मत्तयाला का घालावंसं वाटलं? मार्क 1:4 मध्ये हा बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी आहे, मग येशूने तो का घ्यावा, ही अडचण कोणाला तरी टोचत असणार. अशा जागा जमवत जमवतच बहुतेक अभ्यासक या मताला आले की मार्क आधीचा, आणि मत्तय-लूकने तो समोर ठेवून लिहिलं. पटत नसेल तर खुशाल भांड. पण वही उघडी ठेवून.

छापील बायबलातल्या ठळक मथळ्यांवर कागद ठेव, ते मुळातले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले, नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 मध्ये. उत्पत्तीतली पहिली सृष्टिकथा 2:3 ला संपते. सातवा दिवस उगाचच पुढच्या अध्यायात ढकललाय. 2:4 पासून दुसरी कथा लागते: आधी माणूस, मग झाडं, मग पशू. अध्याय संपला की पुस्तक मिटणाऱ्याला हा सांधा दिसणार कसा? तळटीपा मात्र झाकू नकोस. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या ग्रीक हस्तलिखितांत मार्क 16:8 ला संपतो, पुढची बारा वचनं त्यांत नाहीत, हे तिथेच कळतं.

पुराव्याविना विश्वास ठेवणं अनैतिक का, हा तुझा दुसरा प्रश्न. इथेही तेच. असं मानणं चूकच म्हणणाऱ्या इंग्रज विचारवंत क्लिफर्डचा 1877 चा निबंध आणि अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचं 1896 चं उत्तर लागोपाठ वाच, सारांश नकोत. जेम्स म्हणजे 'मनाला येईल ते माना' असं जे सांगतात त्यांनी त्याच्या अटी वगळलेल्या असतात: पर्याय आपल्यासाठी जिवंत हवा, टाळता न येणारा हवा, मोठ्या मोलाचा हवा, आणि निव्वळ बुद्धीने निकाल लागत नसावा.

मी श्रद्धेचा प्रश्न टाळतो, नुसता कानामात्रा तपासत बसतो, असं म्हणणारे भेटतात. म्हणोत बापडे. ज्या वाक्यावर श्रद्धा ठेवायची किंवा जे फेकून द्यायचं, ते धड वाचलेलं तरी असावं, एवढाच माझा हट्ट.

आणि 'सोलापुरात राहून कसं जमणार' हे रडगाणं बंद कर. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतं ना? तिथल्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुझ्याकडे मोबाइल आहे, त्यावर सिनाई हस्तलिखिताची पानं फुकट दिसतात. घरात आजीचं तेलुगू बायबल आहे, तेही रकान्यांशेजारी उघडं ठेव.

ग्रीकचं व्याकरण इतक्यात मागवू नकोस. आधी मार्कचे सोळाही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाच, दोनेक तास लागतील. मग येशूने यरुशलेमच्या मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलल्याचा प्रसंग रकान्यांत मांड. योहानात तो दुसऱ्याच अध्यायात आहे, बाकी तिघांत शेवटच्या दिवसांत. त्यावरचं तुझं मत कळवायची घाई नको. वही पाठव.