डाळ जुनी की पाणी जड?

ताई, नागपुरात महाल भागात राहत होता तेव्हा चार शिट्ट्यांत तूर शिजायची आणि बेसाकडच्या फ्लॅटमध्ये आठ झाल्या तरी दाणा कच्चट राहतो, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदाराशी भांडायच्या आधी एक विचारतो, तिथे स्वयंपाकाला बोअरचंच पाणी वापरता न? महालात पेंच धरणाचं नळाचं पाणी होतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, मग तो सुटत नाही. शिट्ट्या वाढवून गॅस तेवढा जळतो.

खात्री करायची तर कुकरमध्ये दोन डबे लावा. एकाच पिशवीतली डाळ, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. आरओवाली मऊ झाली, तर दोष पाण्याचा. दोन्ही कडक राहिल्या, तर डाळ जुनी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात पडून राहिलेली डाळ पुढे शिजायला त्रास देतेच. म्हणून नव्या तुरीची डाळ बाजारात आली की वर्षाची एकदम भरण्यापेक्षा थोडी थोडी आणलेली बरी.

पाणी जड निघालं तर डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओचं घ्या, धुवायला बोअरचं चालेल. आरओ नसेल तर पाणी खळखळून उकळा, थंड होऊ द्या, खाली पांढरा थर बसला की वरचं निवळ ओतून घ्या. जडपणा सगळा जात नाही, पण फरक पडतो. खायचा सोडा? अगदी चिमटीभर. जास्त झाला की वरणाला साबणासारखी चव येते, वर ब जीवनसत्त्वही जातं. मीठ आधी घातल्याने डाळ शिजत नाही, हे मी तरी मानत नाही. भिजवताना घातलं तर उलट मदतच होते.

शिट्ट्या मोजणंही सोडा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. अर्धा तास भिजवलेली तूर, वाटीला तीन वाट्या पाणी, हळद, थेंबभर तेल. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा-बारा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस शिट्टीत अडकतो.

आणि डाळभाजी. तुम्ही पालक, आंबट चुका, डाळ सगळं एकदमच लावता. चुका आंबट, आंबटात डाळ मऊ व्हायला वेळ घेते, त्यात तुमचं ते पाणी! डाळ, शेंगदाणे आधी शिजवून घ्या, चुका-पालक वेगळा वाफवा, मग गंजात, म्हणजे पातेल्यात, एकत्र घोटा. चिंच, टमाटरही नंतरच. वरून लसणाची फोडणी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर.